आधी कप बघा!

कासचं बुकिंग मिळालं नाही म्हणून हळहळताय? थांबा. तुमच्या कॉलेजमागच्या ओढ्याकाठीसुद्धा एखादं अस्सल देशी रानफूल फुललेलं असू शकतं. फक्त ते ‘कोण’ आहे हे ठरवायची घाई करू नका. आम्ही केली होती.

सेकंड इयरला आम्हाला ईव्हीएसचा प्रोजेक्ट होता. तो कसा ‘पूर्ण होतो’ हे कॉलेजमधल्या कुणालाही वेगळं सांगायला नको. सीनिअरची फाइल, नवं कव्हर, स्पायरल बाइंडिंग आणि सबमिशन. आमच्या चौघांच्या ग्रुपने मात्र त्या वर्षी ठरवलं, की या वेळी काहीतरी खरंखुरं करायचं. विषय घेतला ‘कॉलेजमागच्या ओढ्याकाठच्या वनस्पती’. खरं कारण सांगायचं तर ओढा कँटीनच्या मागेच होता आणि जाण्यायेण्याचा खर्च शून्य!

जुलैचे दिवस होते. दोन दिवस पावसाने उघडीप दिली होती. ओढ्याचं पाणी जरा खाली गेलं होतं आणि काठावरच्या चिखलात पांढऱ्याशुभ्र फुलांचे झुबके उभे होते. लांब, निमुळत्या पाकळ्या. मंद वास. आम्ही एकदम खूश. फोन काढला, वरून एक फोटो मारला आणि आयनॅचरलिस्टवर टाकला. काही सेकंदांत पहिला पर्याय आला, हायमेनोकॅलिसची एक जात, म्हणजे स्पायडर लिली. मी तो निवडला. शेजारी उभ्या असलेल्या मैत्रिणीने तिच्या फोनवरून लगेच ‘ॲग्री’ दाबलं. दोघांचं एकमत झालं म्हटल्यावर नोंदीला ‘रिसर्च ग्रेड’चा हिरवा शिक्का मिळाला. झालं की काम!

रिपोर्टमध्ये आम्ही लिहिलं, ‘स्पायडर लिली. मूळ अमेरिका खंडातली शोभेची वनस्पती. बागेतून ओढ्यात पसरलेली असावी. काढून टाकल्यास स्थानिक वनस्पतींना जागा मिळेल.’ यातलं शेवटचं वाक्य माझं. तेव्हा ते फारच भारदस्त वाटलं होतं.

मार्क चांगले पडले. रिपोर्टची एक कॉपी ओढ्याची देखभाल करणाऱ्या कार्यालयातही गेली. पुढच्या मे महिन्यात पावसाळ्याआधीची नालेसफाई आली. जेसीबीने काठावरचा तो सगळा पट्टा खरवडून काढला. आमच्या रिपोर्टमुळेच हे झालं असं मी म्हणणार नाही. जेसीबी काही रिपोर्ट वाचून चालत नाही. पण ज्या एका कागदावर ‘हे ठेवा’ असं लिहिता आलं असतं, त्याच कागदावर आम्ही ‘हे काढा’ असं लिहून बसलो होतो.

जूनमध्ये नेचर क्लबची मीटिंग होती. बॉटनीच्या मॅडमनी आमचा तो फोटो पाहिला. बोटांनी मोठा केला. मग चष्मा वर सरकवून एकच प्रश्न विचारला, “कप कुठाय?”

कसला कप?

शहरात राहणाऱ्या प्रत्येकाने स्पायडर लिली पाहिलेली असते. रोड डिव्हायडर, सोसायटीचं गेट, ऑफिसचं लॉन, सगळीकडे ती लावतात. तिच्या सहा बारीक, लांब पाकळ्या कोळ्याच्या पायांसारख्या पसरतात, म्हणून ती स्पायडर. पण तिची खरी खूण पाकळ्यांत नाही, मधोमध आहे. तिचे सहा पुंकेसर खालच्या भागात एका पातळ, पांढऱ्या पडद्याने एकमेकांना जोडलेले असतात. त्या पडद्याचा छान पेला तयार होतो. आईस्क्रीमच्या छोट्या कपासारखा. ‘हायमेनोकॅलिस’ या ग्रीक नावाचा अर्थच मुळी ‘सुंदर पडदा’ असा आहे. म्हणजे नावातच उत्तर होतं आणि आम्ही नाव लिहिलं, पण वाचलं नाही.

आमच्या फोटोत कप नव्हता. सहा पुंकेसर एकमेकांपासून पूर्ण सुटे होते. त्यांचे दांडे वरच्या बाजूला लालसर जांभळे होते आणि टोकाला वाकडे, लांबट परागकोश डोलत होते. ही स्पायडर लिली नव्हतीच. हे होतं क्रायनम. पानांचा आणि आजूबाजूचा एक लांबून काढलेला फोटो सुदैवाने मैत्रिणीच्या फोनमध्ये निघाला. तो पाहून मॅडमनी पुढचं नावही सांगितलं, क्रायनम व्हिव्हिपारम. आपल्याकडच्या ओढ्या-नद्यांच्या काठची, पाणथळ जागेतली, इथलीच वनस्पती. अमेरिकेहून आलेली वगैरे अजिबात नाही.

ओळख करून घेऊ या

हे आहे कंदवर्गातलं बहुवर्षायू झुडूप, खरं तर झुडूपही नाही, नुसता पानांचा झुबका. बहुवर्षायू म्हणजे एका पावसाळ्यात उगवून, फुलून, मरून जाणारं नव्हे. तेरडा तसा असतो, दरवर्षी बीपासून नवा. याचा कंद मात्र चिखलात खोल रुतून वर्षानुवर्षं जिवंत राहतो. ओढा आटला की वरची पानं सुकतात, कंद तसाच. पुन्हा पाणी आलं की पुन्हा पानं.

पानं पट्टीसारखी. रुंदी साधारण दोन-अडीच सेंटीमीटर, लांबी मात्र दोन-तीन फुटांपर्यंत. मधून पन्हाळीसारखी खोलगट. कडेवरून हळूच बोट फिरवलं तर किंचित खरखरीत लागतात. ओढ्याला लोंढा आला की ही पानं आडवी होतात आणि पाणी उतरलं की पुन्हा सावरतात.

फुलांचा दांडा पानांच्या मधून नाही, तर झुबक्याच्या बाजूने येतो. भरीव, हिरवा, दीड-दोन फुटांचा. त्याच्या टोकाला छत्रीच्या काड्यांसारखी एकाच बिंदूतून निघणारी साधारण सहा ते पंधरा फुलं असतात. प्रत्येक फुलाला आधी एक लांब, बारीक, हिरवट नळी आणि तिच्या टोकाला सहा अरुंद पांढऱ्या पाकळ्या. (वनस्पतिशास्त्रात यांना पाकळ्या म्हणत नाहीत, परिदलं म्हणतात. परीक्षेत तसंच लिहा. इथे पाकळ्या चालतील.)

आणखी एक गंमत. आपण याला लिली म्हणतो, पण लिलीच्या कुळाशी याचा संबंध नाही. ‘क्रायनम’ हा शब्द ग्रीक भाषेतल्या लिलीवरूनच आला असला, तरी झाड अमॅरिलिडेसी कुळातलं. आताच्या वर्गीकरणानुसार आपले कांदा आणि लसूणही याच कुळात बसतात. खऱ्या लिलीत बीजांडकोश पाकळ्यांच्या आत, वरच्या बाजूला असतो. क्रायनममध्ये तो पाकळ्यांच्या आणि नळीच्याही खाली, देठाच्या टोकाशी, हिरव्या गाठीसारखा दिसतो. फूल बाजूने पाहिलं तर ही गाठ दिसते. वरून फोटो मारला तर कधीच दिसत नाही!

पाच प्रश्न, पाच मिनिटं

मॅडमनी आम्हाला त्या दिवशी पाच प्रश्न लिहून दिले. तेव्हापासून ते माझ्या फोनच्या नोट्समध्ये आहेत. पांढरी ‘लिली’ दिसली की याच क्रमाने जायचं.

१. ती कुठे उभी आहे? कुंडीत किंवा डिव्हायडरवर एका रांगेत असेल तर ती लावलेली आहे, हे उघड आहे. ओढ्याच्या काठाच्या चिखलात, पाणथळ गवतात, कुणीही न लावता उभी असेल तर क्रायनम व्हिव्हिपारमची शक्यता वाढते. डोंगरउतारावर किंवा पठारावरच्या गवतात असेल तर दुसरं कुणीतरी असण्याची शक्यता जास्त. अर्थात, जागा हा पुरावा आहे, निकाल नाही. बागेतला कंद पुरात वाहून ओढ्यात रुजू शकतोच.

२. पान किती रुंद? अरुंद पट्टी असेल तर ठीक. हाताच्या पंजाएवढं रुंद असेल तर दोन उमेदवार आहेत. एक क्रायनम लॅटिफोलियम. लॅटिफोलियम म्हणजेच ‘रुंद पानाचं’. हे डोंगरउतारांवर, रानाच्या कडेला असतं. दुसरं क्रायनम एशियाटिकम. हे मुळात समुद्रकाठचं, पण बागांमध्ये भरपूर लावलेलं. आकाराने दांडगं, आणि पानांच्या तळांचं मिळून जाडजूड खोडासारखं काहीतरी जमिनीवर दिसतं.

३. मधे कप आहे का? कप असेल तर क्रायनम बाद. मग ती बहुतेक बागेतली हायमेनोकॅलिस, नाहीतर आपल्याकडचंच पॅन्क्रेशियम. हो, कप असलेली सगळीच परदेशी नसतात! पॅन्क्रेशियमच्या काही जाती आपल्या सह्याद्रीतल्याच आहेत. पहिल्या पावसानंतर डोंगरावरच्या गवतात त्या फुलतात, त्या आकाराने पुष्कळ लहान असतात.

४. नळी सरळ की वाकडी, पाकळ्या अरुंद की रुंद? व्हिव्हिपारमची नळी बारीक आणि पाकळ्या अरुंद, सुट्या, पसरलेल्या. लॅटिफोलियमची नळी वाकलेली, फूल कर्ण्यासारखं, किंचित झुकलेलं, पाकळ्या रुंद आणि त्यांच्या मधोमध गुलाबी छटा. एकदा दोन्ही शेजारी शेजारी पाहिली की पुन्हा चूक होत नाही.

५. फळ धरलंय का? क्रायनमचं बी मोठं, मांसल आणि हिरवट असतं. वाटाण्याचा ओबडधोबड मोठा भाऊच जणू. पॅन्क्रेशियमचं बी काळं आणि कोनेदार. हायमेनोकॅलिसचं बीसुद्धा हिरवं आणि मांसल असतं, त्यामुळे त्या दोघांत बीवरून निवाडा होत नाही. तिथे पुन्हा कपच.

आणि सहावी गोष्ट प्रश्न नाही, सवय आहे. जेवढं नक्की दिसलं तेवढंच लिहायचं. पाच प्रश्नांनंतरही जात ठरली नाही, तर ‘क्रायनम’ एवढंच लिहून थांबायचं. क्रायनमच्या काही जाती एकमेकींच्या इतक्या जवळच्या आहेत, की तज्ज्ञही नुसत्या फोटोवरून बोलायला तयार नसतात. प्रजातीपर्यंत बरोबर असलेली नोंद ही जातीपर्यंत चुकलेल्या नोंदीपेक्षा कधीही जास्त उपयोगी. आमची चूक ॲपची नव्हती. ॲपने पर्याय सुचवला होता, निकाल दिला नव्हता. निकाल आम्ही दिला, आणि मैत्रिणीने न बघता त्याला अनुमोदन दिलं. कॉलेज इलेक्शनमध्ये चालतं तसं!

नावांचा घोळ

ओढ्याच्या वरच्या अंगाला म्हशी चारणाऱ्या एक मावशी नेहमी भेटायच्या. फोटो दाखवून त्यांना विचारलं, “मावशी, याला काय म्हणतात?” त्या म्हणाल्या, “ओढ्याचा कांदा. म्हशी तोंड लावत न्हाईत त्याला.” पुस्तकात शोधलं तर नागदवणा, सुदर्शन अशी नावं दिसली. पण नागदवणा म्हणून कुणी एका झाडाकडे बोट दाखवतं, कुणी दुसऱ्याच. सुदर्शनचंही तेच. बागेतल्या एशियाटिकमलाही सुदर्शन आणि डोंगरावरच्या लॅटिफोलियमलाही सुदर्शन. लोकांची नावं चुकीची नसतात, ती त्या गावापुरती बरोबर असतात. म्हणून ती जरूर लिहून घ्यायची, पण सोबत गावही लिहायचं. आणि सगळ्या गावांना चालेल असं नाव हवं असेल तर लॅटिनला पर्याय नाही.

लॅटिन नावंही बदलतात, बरं का. जुन्या पुस्तकांत हीच वनस्पती ‘क्रायनम डिफिक्सम’ या नावाने भेटते. वनस्पतींच्या नावांत साधारण नियम असा, की आधी दिलेल्या नावाला मान. ‘व्हिव्हिपारम’ हे विशेषण फ्रेंच शास्त्रज्ञ लामार्क यांनी आधी वापरलेलं होतं, म्हणून ते टिकलं. होय, तेच लामार्क, बारावीच्या पुस्तकातले, जिराफाच्या मानेवाले. व्हिव्हिपारम म्हणजे ‘जिवंत पिल्लं देणारं’. क्रायनमचं बी पाहिलं की हे नाव पटतं. त्याला कडक कवच नसतं आणि ते झोपूनही राहत नाही. बाकीच्या बिया डब्यात ठेवून पुढच्या वर्षी पेरता येतात. क्रायनमचं बी टेबलावर ठेवलं तरी पाण्यावाचून कोंब काढायला लागतं.

आता थोडं पुण्याचं. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा सगळ्यात गाजलेला ग्रंथ ‘द फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला. लेखक थिओडोर कुक. हे गृहस्थ पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे, म्हणजे आजच्या सीओईपीचे, प्राचार्य होते. पेशाने इंजिनीअर! त्याच कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे आणि गणेशखिंडीतली बाग सांभाळणारे जी. मार्शल वुड्रो यांच्या नावाने ‘क्रायनम वुड्रोवी’ ही जात ओळखली जाते. महाबळेश्वरच्या परिसरातली ही जात १८९८ मध्ये शास्त्रीय जगाला कळली, मग शंभरेक वर्षं कुणालाच दिसली नाही, आणि या शतकाच्या सुरुवातीला महाबळेश्वरच्याच डोंगरात पुन्हा सापडली. तेव्हा ‘मी तर कॉमर्सची’, ‘मी तर मेकॅनिकलचा’ ही सबब चालणार नाही. कुकसाहेबांचीही चालली नसती.

रात्रपाळीचे पाहुणे

पांढरा रंग, संध्याकाळनंतर वाढणारा वास आणि लांब, बारीक नळी, हे तीन मुद्दे एकत्र दिसले की समजायचं, हे फूल रात्रपाळीवाल्यांसाठी आहे. मध नळीच्या तळाशी. तिथपर्यंत मधमाशीची जीभ पोचत नाही. पोचते ती हॉक मॉथची, म्हणजे हवेत एका जागी तरंगत मध पिणाऱ्या दणकट पतंगांची. त्यांची सोंड लांबलचक, एरवी गुंडाळून ठेवलेली. टॉर्चवर लाल जिलेटिन कागद लावून अंधार पडताना शांत बसलं तर कधीकधी ते दिसतात. अर्थात ओढ्याकाठी रात्री एकट्याने जायचं नाही. साप, विंचू आणि घसरडे दगड या तिन्ही गोष्टी खऱ्या असतात.

दिवसाचेही पाहुणे आहेत. पानांवर काळ्या अंगाच्या, पांढऱ्या आणि लाल-केशरी ठिपक्यांच्या अळ्या दिसल्या तर त्या लिली मॉथच्या. याच अळ्या कळलावीवर आणि बागेतल्या लिलींवरही दिसतात. गुरं ज्या विषारी पानांना तोंड लावत नाहीत तीच पानं या आरामात फस्त करतात, आणि आपल्या भडक रंगाने पक्ष्यांना सांगतात, ‘मला खाऊ नका.’ म्हणजे नुसत्या अळ्यांवरून जात ठरवता येत नाही.

कांदा आहे, पण खायचा नाही!

रानभाज्यांचं रील सध्या जोरात आहे. चांगलंच आहे. पण पावसाळी कंद उपटून ‘हा रानकांदा असेल’ म्हणत घरी नेण्याआधी हे वाचा. क्रायनमच्या कंदात लायकोरिन नावाचं अल्कलॉइड असतं. पोटात गेलं की मळमळ, उलट्या, जुलाब. कुळ कांद्याचं, दिसायलाही थोडा कांद्यासारखा, म्हणून धोका जास्त. सोपी खूण म्हणजे क्रायनमच्या पानाला किंवा कंदाला कांद्या-लसणाचा तो ओळखीचा वास येत नाही. पण वास हा सुद्धा खाण्याचा परवाना नाही. सुदर्शनच्या पानाचा रस कोमट करून दुखऱ्या कानात टाकायची जुनी पद्धत अनेक घरांत सांगितली जाते. कान दुखत असेल तर डॉक्टरकडे जा. तुमच्याकडचं सुदर्शन नेमकं कुठलं, हे वर वाचल्यावर तुम्हालाही आता खात्रीने सांगता येणार नाही.

ढिगाऱ्यातले अकरा

परत आमच्या ओढ्याकडे. मॅडमचा तो ‘कप कुठाय’ ऐकल्यानंतर आम्ही चौघं तडक मागे गेलो. काठ सपाट झाला होता. काढलेल्या गाळाचा, दगडांचा आणि प्लास्टिकचा ढीग बाजूलाच पडला होता, उचलायचा राहिलेला. त्यावर पहिला पाऊस पडून गेला होता. आणि त्या ढिगाऱ्यातून, दुधाच्या पिशव्यांच्या मधून, पट्टीसारखी हिरवी पानं डोकं वर काढत होती!

रानातून कंद उपटणं चूक. पण हे कंद आधीच उपटलेले होते आणि ढीग डंपिंगला जाणार होता. मॅडमनी फोन करून परवानगी घेतली. अकरा कंद निघाले. काहींना जेसीबीच्या दातांनी अर्धं कापलं होतं. ते आम्ही वर्षभर कँटीनमागे तेलाच्या डब्यांत सांभाळले. नऊ जगले. पुढच्या पावसाआधी ते काठावर, आधी होते साधारण तिथेच, मान मातीच्या वर राहील असे लावले.

दुसरं काम जास्त अवघड होतं, कारण त्यात लाज होती. आयनॅचरलिस्टवरची नोंद आम्ही दुरुस्त केली. आपली आधीची ओळख मागे घेता येते, नवी देता येते आणि खाली कारणही लिहिता येतं. आम्ही लिहिलं, ‘कप नाही, पुंकेसर सुटे, पान अरुंद.’ मग रिपोर्टसाठी एक पानी दुरुस्तीपत्र तयार केलं आणि त्या कार्यालयात जाऊन दिलं. तिथल्या काउंटरवरच्या काकांनी ते वाचलं, आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “आपलं चुकलं म्हणून अर्ज द्यायला आलेले तुम्ही पहिलेच.” पोच मिळाली, शिक्क्यासहित. ती अजून माझ्या फाइलमध्ये आहे.

पुढच्या मे महिन्यात जेसीबी पुन्हा आला. या वेळी आम्ही काठावर हजर होतो. कंदांच्या दोन्ही बाजूंना बांबू रोवून लाल कापड बांधलं होतं. जेसीबीवाल्या दादांनी मशीन थांबवून विचारलं, “काय लावलंय?”

“ओढ्याचा कांदा आहे, दादा.”

“खायचा?”

“नाही, खायचा नाही. ठेवायचाय.”

दादांनी मान हलवली. पटलं म्हणून की आमची कीव आली म्हणून, देव जाणे. पण तेवढा पट्टा सोडून मशीन पुढे गेलं. ओढा काही तुंबला नाही.

तोवर आमचं फायनल इयर संपलं होतं. एक मैत्रीण नोकरीला बेंगळुरूला गेली. जुलैच्या शेवटी मॅडमचा मेसेज आला, ‘दांडा आलाय.’ आम्ही उरलेले तिघं संध्याकाळी पोचलो. नऊपैकी एकाच झुबक्यातून एक दांडा वर आला होता, त्यावर सात कळ्या. अंधार पडता पडता पहिली उमलायला लागली. मैत्रिणीला व्हिडिओ कॉल लावला. तिचा पहिला प्रश्न, “कप आहे का रे?”

आम्ही तिघं वाकून बघत होतो. सहा पुंकेसर, लालसर जांभळे, सुटे. कप नव्हता.

*

ओढ्यावर जाताना

फोटो पाच काढा: फूल समोरून, फूल बाजूने, पान (शेजारी पेन किंवा नाणं ठेवून, म्हणजे रुंदी कळते), पूर्ण झाड आणि आजूबाजूची जागा. फक्त समोरून काढलेला सुंदर फोटो स्टोरीसाठी ठेवा.

तारीख, वेळ आणि पाण्यापासूनचं अंतर लिहा. गावातलं स्थानिक नाव विचारा आणि कुठल्या गावात विचारलं तेही लिहा.

फूल तोडू नका, कंद उपटू नका. मोजायचं असेल तर जागेवर पट्टी लावा.

मित्राने टाकलेल्या नोंदीला न बघता ‘ॲग्री’ करू नका. मैत्री वेगळी, ओळख वेगळी.

दुर्मीळ काही सापडलं तर नेमकं लोकेशन जाहीर करू नका. ॲपमध्ये जागा धूसर ठेवायची सोय असते. कंद खणून नेणारेही ॲप बघतात.

अडलात तर विचारा. पुण्यात बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं पश्चिम विभागीय केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था, मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजमधलं ब्लाटर हर्बेरियम, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग, इथे वाळवून जपलेले नमुने आहेत आणि ते ओळखणारी माणसंही. आणि त्याआधी, तुमच्याच कॉलेजातल्या बॉटनीच्या स्टाफ रूमचं दार वाजवून बघा.